ब्रोकर बुडाला तर क्लेमला शेवटची तारीख असावी का?

सांगलीकर:
कार्वी या ब्रोकर कंपनीचंच घ्या. ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकले म्हणून 22 नोव्हेंबर 2019 ला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची ऑर्डर आली, वर्षाने 23 नोव्हेंबर 2020 ला एनएसई या शेअर बाजाराने डिफॉल्टर जाहीर केलं, आणि क्लेमची मुदत आधी 2 जून 2025, मग वाढवून 31 डिसेंबर 2025. माझं स्पष्ट मत आहे, अशी तारीखच नको. पैसे लोकांचे स्वतःचे, उशीर झाला म्हणून हक्क कसा जाईल? आमचे वडील वारले, त्यांचं एका छोट्या ब्रोकरकडे खातं होतं (तोही बंद पडलेला) हे आम्हाला जुन्या फायली चाळताना कळलं, वारसाचे कागद गोळा करेपर्यंत मुदत गेली. आई अजून विचारते.

हिशेबनीस:
तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं, पण तारीख नको हे पटत नाही. वसूल झालेले पैसे कमी आणि मागणारे जास्त असतात, एकूण क्लेम किती ते कळल्याशिवाय कुणाच्या वाट्याला काय येतं ते ठरणार कसं, तोवर वेळेत कागद देणाऱ्यांनी थांबायचं का? अमेरिकेत सिपिकच्या (बुडालेल्या ब्रोकरच्या ग्राहकांना संरक्षण देणारी संस्था) कायद्यात नोटीस छापून आल्यापासून सहाच महिने मिळतात. कार्वीवाल्यांना पाच वर्षं मिळाली.

सांगलीकर:
तिथे कोर्टाने नेमलेला ट्रस्टी नोटीस नुसती छापत नाही, ब्रोकरच्या वह्यांत ज्यांची खाती दिसतात त्यांना पोस्टानेही पाठवतो. आणि अल्पवयीन मुलांसाठी वगैरे, मुदतीच्या आत अर्ज केला तर, कोर्ट वाढवून देऊ शकतं.

शेअरवाली:
हाच मुद्दा आहे खरा. व्यवहार केला की त्या महिन्याचं सीडीएसएल-एनएसडीएलचं (आपले शेअर जिथे डिमॅटमध्ये असतात त्या संस्था) स्टेटमेंट मेलवर येतं म्हणजे पत्ता आहेच ना त्यांच्याकडे, मग क्लेमची नोटीस का नाही जात घरी? पण दादा, आपलीही जबाबदारी आहे, लेजर (ब्रोकरकडच्या खात्याचा उतारा), कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), बँकेची एंट्री नसेल तर मुदतीत जाऊनही क्लेम उभा राहत नाही. आणि ब्रोकरला व्याजाने दिलेले पैसे असतील तर त्यावर इन्व्हेस्टर प्रोटेक्शन फंडातून (शेअर बाजाराचा ग्राहकांना भरपाई देणारा निधी) काही मिळत नाही, आमच्या गल्लीत दोघांना हे उशिरा समजलं.

हिशेबनीस:
घरी नोटीस जावी हे मान्य. वारसांना जास्त मुदत द्या, तेही मान्य. पण ज्याला पत्र मिळालं आणि तरी बसून राहिला त्याच्यासाठी बाकीच्यांचं वाटप अडवू नका.

सांगलीकर:
पत्र मिळालं हे आधी सिद्ध करू दे, मग मी तारीख मानतो.