'आजच हात वर करा': फेलिक्सचा दाखला इथे चालतो का?

धागाकर्ता:
परवाची पोस्ट: 'रोमी सुभेदार फेलिक्स कैदेतल्या पौलाला म्हणाला, सवड मिळाली की बोलावीन, आणि तारणाला मुकला. म्हणून आजच्या सभेतच हात वर करून ख्रिस्ताला होकार द्या.' अहो, पुढचं वचनही वाचा की! प्रेषितांची कृत्ये २४:२६. फेलिक्स पौलाला वारंवार बोलावत होता, लाच मिळेल म्हणून. दोन वर्षं सवडच सवड! उशिराचाच धाक घालायचा, तर लक्ष्मीबाई टिळकांचं काय? त्यांचे पती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा.

जुनाकरार:
लक्ष्मीबाईंना मध्ये आणू नका. त्यांचा विरोध होता, चालढकल नव्हे. धोका आहे तो पटूनही थांबणाऱ्याला. लूक १४ मध्ये मेजवानीचं आमंत्रण टाळताना एकाला शेत बघायचंय, दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या पारखायच्यात, तिसऱ्याचं नुकतं लग्न झालंय. तिन्ही कारणं घरंदाज, म्हणून तर गळ्याशी येतात. आणि इब्रींस पत्र ३ मधला 'आज' मरणाच्या भीतीचा नाही, मन कठीण होण्याचा आहे. पौलाचं ऐकून फेलिक्स पहिल्यांदा घाबरला. नंतरच्या भेटींत घाबरला असं कृत्ये लिहिणारा लूक कुठे लिहितो?

वसईकर:
मग येशूशेजारी वधस्तंभावर शेवटच्या घटकेला तारलेला चोर? रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने तर ३३७ मध्ये मरणाच्या दारात स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतला.

उपदेशक:
त्या भरवशावर बसणाऱ्यांनी आधी कृती शिकून घ्या. मरणासन्नाला कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, पण ओल्या बोटाने कपाळावर क्रूस काढून भागत नाही. केस बाजूला सारून पाणी डोक्याच्या कातडीवरून वाहू द्यायचं, आणि ओतणाऱ्यानेच, ओतत असताना, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने शब्द म्हणायचे. एकाने ओतलं, दुसऱ्याने म्हटलं, तर तो संस्कारच नव्हे. शिवाय प्रौढाने इच्छा दाखवलेली हवी. शुद्ध हरपल्यावर ती कुठून आणणार?

वसईकर:
इच्छा आधी कधीतरी दाखवलेली असली तरी चालते. अर्धवट नियम सांगू नका.

उपदेशक:
'कधीतरी' दाखवली म्हणजे उत्तर दिलंच ना! माझाच मुद्दा. नेओकैसरियाच्या प्राचीन धर्मसभेने तर आजारपणात बाप्तिस्मा घेतलेल्याला वडीलपदाची (धर्मगुरूपदाची) दारं जवळपास बंद केली. कारण काय, तर विश्वास स्वखुशीचा नाही, नाइलाजाचा.

धागाकर्ता:
आणि तुमचं कॅथलिक चर्च स्वतः किती थांबवतं? ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी उमेदवारांची निवड, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या रविवारी छाननीचे विधी, मग ईस्टरच्या आदल्या रात्री पाणी. त्याआधी कित्येक महिने शिकवण. हा उशीर पवित्र का?

उपदेशक:
दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारा, म्हणून नाव घातलं तिथेच होकार झाला. मधेच वारला तरी ख्रिस्ती विधीनेच पुरतात.

कागदपत्रे:
तुमचं पाणी चालू द्या. पटूनही थांबणाऱ्यांतला एक जातीच्या दाखल्यासाठी थांबतो. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात शीख १९५६ला आले, बौद्ध १९९०ला. ख्रिस्ती आजही बाहेर. शिष्यवृत्ती गेली की मुलाची फी कोण भरणार? हीही बैलांची जोडीच का?

जुनाकरार:
प्रश्न कठीण आहे. पण विषयांतर नको.

धागाकर्ता:
फेलिक्सच्या घाबरण्याचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण विषयांतर? केस बाजूला सारण्यावर एवढी चर्चा झाली तेव्हा नव्हतं ते?