'बडवे' म्हणजे पुजारी का?

परवा जेवताना वाद झाला. पंढरपूरचे बडवे म्हणजे विठोबाचे पुजारीच ना? मामा तर म्हणतात, भक्तांना बडवायचे म्हणून बडवे! जाणकारांनी सांगावं.

— मामांची व्युत्पत्ती झकास, पण लोकांनी जुळवलेली. शब्द सहसा 'बटु'वरून लावतात: बटु, बडु, बडवा. मारण्याशी गाठ पडली त्याला कारण आहे. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या अभंगातच 'बडवे मज मारिती' अशी तक्रार आहे. आता पुढाऱ्याभोवतीच्या कोंडाळ्यालाही आपण बडवेच म्हणतो.

— पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बडव्यांकडे देवळाचा ताबा आणि वहिवाट होती, नित्यपूजा सेवाधाऱ्यांकडे. सेवाधारी सात: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. मूर्तीला हात लावून पूजा करणारा तो पुजारी. मंत्र म्हणायचे बेणाऱ्याने, पाणी आणायचं परिचारकाने, पदं गायची हरिदासाने. डिंगरे देवाला आरसा दाखवणार, दिवटे दिवटी धरणार, डांगे चांदीचा दंड घेऊन उभे. म्हणजे तिथे 'पुजारी' हा सातांतला एकच, आणि मंत्र म्हणणं त्याचं कामच नव्हे! रुक्मिणीकडे उत्पात. (आमच्या घरी उत्पात म्हणजे धाकटा भाचा.)

— हे सगळं भूतकाळातच लिहायला हवं. 1973च्या कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क रद्द केले, खटले चालत राहिले आणि जानेवारी 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. आता मंदिर समितीचे पगारी पुजारी आहेत. बाकीचे शब्द आडनावांत उरले.

— पण मग विद्वान कोणाला म्हणायचं? आमच्या गावचे गुरवकाका पूजा सुरेख करतात. लोक मात्र 'गुरवाचं लक्ष नैवेद्यावर' म्हणून मोकळे.

— त्यासाठी वेगळे शब्द आहेत. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटू, निरुक्त, छंद, ज्योतिष असे दहा ग्रंथ मुखोद्गत तो दशग्रंथी. घनपाठी त्याहून निराळा. तो वेदमंत्रातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणतो: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, मग दुसऱ्या शब्दापासून पुन्हा तेच. एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी लगेच पकडली जाते. असा माणूस देवळात पूजा करतच असेल असं नाही, आणि पूजा करणाऱ्याला घन यावाच असंही नाही.

— मामांना वाचून दाखवलं. 'बटु' पटला नाही, बेणारी पटले.