एनएसएसच्या कॅम्पने मुलांमध्ये खरंच काही फरक पडतो का?

डोंबिवलीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी एफवायबीकॉमला आहे, कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलंय. आता दिवाळीनंतर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर सात दिवसांचं निवासी शिबिर आहे, शाळेच्या वर्गात झोपायचं, स्वयंपाक गटागटाने आपला आपणच करायचा वगैरे. माझी काही हरकत नाही पण तिच्या बाबांचं म्हणणं की हे सगळं दहा मार्कांसाठी चाललंय, तेवढ्या वेळात सीएचा अभ्यास कर म्हणावं. आणि हिने स्वतःच पहिल्या दिवशी "मार्क मिळतात म्हणून घेतलं" असं सांगून टाकलेलं, त्यामुळे माझी वकिली तिथेच आटोपली. घरात इकडची काडी तिकडे करत नाही ही मुलगी. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, पुढे आयुष्यात काही उरलं का, की नुसते फोटो आणि सर्टिफिकेट?

जुना_स्वयंसेवक
ताई, बिनधास्त पाठवा. आमच्या ग्रुपमधले निम्मे मार्कांसाठीच आले होते, त्याने काही बिघडत नाही. आम्हाला वनराई बंधारा होता, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या थरावर थर रचायच्या. तर गोणी शिवायला दाभण आणि सुतळी दिली आणि पन्नासेक कॉलेजकुमारांपैकी एकालाही दाभण धरता येईना. शेवटी गावातल्या सहावीतल्या पोराने शिकवलं, आणि गोणी गच्च भरू नका, थोडी रिकामी ठेवली की नीट बसते, नाहीतर मधून फटी राहतात, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही गावाला काहीतरी द्यायला आलोय असा जो तोरा होता ना तो दुपारपर्यंत साफ उतरला. बौद्धिकात काय काय ऐकलं ते आज एक अक्षर आठवत नाही, ते पोरगं आठवतं.

मूळ_गाववाला
मी दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण आमच्या गावात कॅम्प यायचे. खरं बोलायचं तर बरेचसे कॅम्प म्हणजे करमणूक असायची, सकाळी प्रभातफेरी, मग ग्रामपंचायतीसमोरचा चौक झाडायचा जो आदल्या दिवशीच झाडलेला असायचा, डिसेंबरात झाडं लावायची ज्यांना एप्रिलपर्यंत पाणी घालायला कुणी नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा वृक्षारोपण, नवीन पाहुणे नवीन फोटो. संध्याकाळी आम्हालाच व्यसनमुक्तीवर भाषण, ज्याला ऐकायची गरज तो कधी आलाच नाही.
पण एका वर्षीची बॅच वेगळी निघाली. त्यांनी घरोघरी सर्व्हे केला तेव्हा माझ्या विधवा चुलतीला संजय गांधी निराधारचे पैसे मिळत नाहीत हे कळलं, आणि त्यातल्या दोन मुली कॅम्प संपल्यावरही येत राहिल्या, उत्पन्नाचा दाखला, काकांच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, मग तहसीलच्या चकरा, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. पगार सुरू झाला चुलतीचा, (आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात). योजना कागदावर असते आणि कागद तलाठ्याकडे असतो हे त्या मुलींना कॉलेजात बसून कधी कळलं असतं? म्हणून ताई एकच गोष्ट विचारा, कॉलेज त्याच पाड्यावर परत परत जातं का. दरवर्षी नवीन गाव असेल तर ती सहल समजा.

निवृत्त_पीओ
गाववाल्यांशी शंभर टक्के सहमत, आणि मी स्वतः बरीच वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेव्हा त्यात ३७ विद्यापीठं होती. नियमाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. यातले तास हीच खरी परीक्षा. काही युनिट्समध्ये वर्षअखेरीस एका बैठकीत सगळ्यांच्या डायऱ्या भरून होतात, अशा ठिकाणी पोरं काय शिकणार, तर खोटी डायरी भरायला शिकणार. तोही संस्कारच म्हणा, उलट्या दिशेचा.
मार्कांबद्दल तिच्या बाबांना सांगा, आमिष मीच दाखवायचो. पोरं आत येतात तरी. टिकतात ती वेगळ्या कारणाने, बहुतेक वेळा भोजन गटामुळे, कारण पन्नास जणांची आमटी खारट झाली की दोष द्यायला आई नसते. आणि त्यांना मार्कांचाच राग असेल तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी असते, बाबा आमट्यांनी सुरू केलेली, परीक्षा आटोपलेली असते आणि मार्कबिर्क काही नाही. विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन मात्र आहे.
सगळीच मुलं बदलतात असं नाही हां. काही जण सात दिवस रेंज शोधत फिरतात आणि तशीच परत जातात. जाण्याआधी बघायचं ते एवढंच, मुक्कामाला मॅडम आहेत का, संडास-बाथरूमची सोय काय, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब.

डोंबिवलीची_आई
सगळ्यांचे आभार. लेकीला विचारलं, त्यांचं याच पाड्यावर तिसरं वर्ष आहे आणि दोन मॅडम मुक्कामाला आहेत. बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते "बघू" म्हणाले, म्हणजे आमच्याकडे हो. भोजन गटात नाव आलंय हे ऐकून मात्र मनापासून हसले. आता एकच, तिकडे रात्री थंडी किती असते, चादर पुरेल का?

जुना_स्वयंसेवक
रग द्या ताई. शाळेची फरशी पहाटे बर्फ असते. आणि टॉर्च.