अथेन्सहून एका दिवसात मायसीनी आणि एपिडॉरस: कार घेऊन जमेल का?

प्रश्न: ऑक्टोबरात चौघे जाणार आहोत. कोरिंथचा कालवा, मायसीनी आणि एपिडॉरस ही प्राचीन स्थळं, आणि रात्री नाफ्प्लिओ गावात मुक्काम. क्रम कसा ठेवावा?

रानवारा: आरामात जमतं, फक्त सकाळी सातला निघा. कालवा साधारण ८० किमीवर आहे. पुलावर वीस मिनिटं पुरतात. १८९३ साली पूर्ण झालेला, ६.४ किमी लांब. मग थेट मायसीनी. तिथल्या किल्ल्याच्या सिंहद्वाराकडे जायच्या आधी, अर्धा किमी अलीकडे 'अ‍ॅट्रियसचा खजिना' (नाव खजिना, पण आहे प्राचीन घुमटाकार थडगं) लागतो. तिकीट तेच, ते जपून ठेवा. बरेच लोक तो चुकवतात, आणि माझ्या मते किल्ल्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. टोलसाठी सुटे युरो हाताशी असू द्या.

घाटवाट: एपिडॉरसला नकाशा हमखास फसवतो. 'पालेआ एपिडाव्ह्रोस' हे समुद्रकाठचं वेगळं गाव आहे, आणि तिथेही एक छोटं प्राचीन नाट्यगृह असल्यामुळे घोळ वाढतो. तुम्हाला हवं ते मोठं नाट्यगृह लिगुरिओजवळ, अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या तीर्थात आहे. म्हणून नाव टाकताना 'अस्क्लेपिओस' शब्द तपासा. ५५ ओळी आहेत, सगळ्यात वर चढूनच खालचा आवाज ऐका. तिथून नाफ्प्लिओ अर्ध्या-पाऊण तासावर.

रानवारा: एक राहिलं. ऑक्टोबरात बंद व्हायची वेळ अलीकडे सरकत जाते, हिवाळ्यात तर दुपारीच कुलूप लागतं. आदल्या दिवशी वेळ बघा. आणि आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.