चार भांड्यांत कोकणी स्वयंपाक? आधी घावन काढून दाखवा!

माहेरवाशीण_गुहागर:
काल ‘अभियंता_खेड’ यांनी इथे लिहिलं की कोकणातल्या घरांतला बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा) तवा, तांब्याचं मोदकपात्र, मातीचं कुंडलं, पितळी टोप हे सगळं भावनेपोटी साठवलेलं भंगार आहे. नॉनस्टिक तवा, कुकर, स्टीलची कढई आणि ओव्हनसाठी काचेचा ट्रे, एवढ्या चार भांड्यांत सगळं होतं, बाकीचं मोडीत घाला म्हणे. शेवटी वर ‘उष्णता ती उष्णता, तिला भांडं कुठलं याच्याशी काय देणंघेणं’ हे वाक्य. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते, पण हात थांबेना. म्हणून हा धागा.

अहो, पदार्थापर्यंत उष्णता भांड्यातूनच जाते ना? घावनाचं पीठ पाण्यासारखं पातळ. बीड जड असतं, एकदा सणसणून तापलं की गार पीठ पडलं तरी निवत नाही. पीठ टेकताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि जाळी पडते. हलक्या नॉनस्टिकवर पहिला डाव पडला की तवाच थंड. घावन पांढरंफटक, चिवट, आणि वर ‘सुटतं बघा किती छान’ हे कौतुक. सुटतं हो, पण खायचं कोणी? बरं, आच वाढवू म्हटलं तर नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे तापवायचा नसतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट आंबटाची. आपल्याकडे आमसूल, आगळ, चिंच, कैरी, बिंबलं यातलं एक तरी रोज पोटात जातंच. कोकमाचं सार लोखंडी कढईत केलंत तर काळं पडतं आणि जिभेला लोखंड लागतं. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा थर, उडालेल्या पितळेत ठेवलंत तर कळकतं. ॲल्युमिनियमलाही आंबट सोसत नाही. मग उरलं काय? माती, कल्हईचं भांडं, नाहीतर तुमचं लाडकं स्टील. म्हणजे स्टील कुठे चालतं ते मलाही कळतं. पण कुठल्या पदार्थाला कुठलं भांडं हे आच आणि आंबट बघून ठरलेलं आहे. त्याला भावना म्हणून उडवून लावू नका.

अभियंता_खेड:
माझ्यासाठी अख्खा धागा! आभारी आहे.
आता आकडे बघू. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास चौपट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणून तुमचा बिडाचा तवा छोट्या बर्नरवर मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. जाड बुडाचा नॉनस्टिक घेतला की निवण्याची तक्रारही संपली, पण तुम्ही तुलना करणार शंभर रुपयांच्या पत्र्याशी. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत बीड दोन दिवस तसंच राहिलं तर गंज धरतं, ते कोणी लिहीत नाही.
आणि मोदक? उघड्या पात्रातली वाफ १०० अंशांची. तांब्याचं पात्र आहे म्हणून ती १०५ होत नाही.
शेवटचं. माझ्या आईचं मनगट दुखतं, तिला तो तवा उचलवत नाही. तिला मी काय सांगू, जाळी नीट पडत नाही म्हणून सोस?

मालवणी_झिल:
रे अभियंत्या, आवशीक तवो उचलूक लावतंस कित्या? तू उचल!
आणि बांगड्याचा तिकला कुकरात करून बघ एकदा. माशे खय नि काटे खय ता शोधीत बसतलस. मातयेच्या कुंडल्यातला तिकला चुलीवरसून उतरवला तरी वायच येळ रटरटत ऱ्हवता, तेवढ्यात त्रिफळाचो वास आत उतरता. डाव घालूचो नाय, कुंडला धरून नुसता हलवचा. ह्या तुझ्या आकड्यात खय बसता?

अभियंता_खेड:
बसतं की. माती उष्णता हळू घेते, हळू सोडते. मासे तुटू नयेत म्हणून पसरट भांडं हवं, तसं स्टीलचं लंगडीवजा पातेलंही मिळतं. आणि तुमचं कुंडलं गॅसवर तडकतं त्याचं काय?

मालवणी_झिल:
कोरडा कुंडला मोठ्या आचेर ठेवलंस तर तडाकतलाच. नवा हाडलास की आधी पाण्यात बुडवून ठेवचा, मगे पेज शिजवून घेवची. चार भांड्यांच्या पुस्तकात ह्या नसतला.

काकू_देवरुख:
मोदकांच्या बाबतीत अभियंत्याचं अर्धं बरोबर आहे, अर्धंच. तांब्याचा हट्ट मी धरत नाही. पण पात्राचं झाकण घुमटासारखं असतं ते शोभेला नव्हे. वाफेचं पाणी कडेने ओघळून खाली जातं. सपाट झाकणाच्या कुकरात तेच पाणी टपटप मोदकांवर पडतं आणि पारी फुटते. फारच अडलं तर झाकणाला फडकं बांधा, खाली हळदीची पानं घाला. म्हणजे फरक धातूचा नाही, आकाराचा आहे, आणि तो तुमच्या चार भांड्यांत नाही.

बाकी पितळेबद्दल विचारूच नका. कल्हईवाला आमच्या वाडीत आता फिरकत नाही. पूर्वी भाता, नवसागर, कथील घेऊन अंगणात बसायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचा टोप रिकामा आचेवर ठेवायचा नाही, हे आताच्या मुलींना कोण सांगणार? आणि ज्यांना सांगावं ते गणपतीला मुंबईहून येतात आणि ‘अँटिक’ म्हणून टोप, घंगाळं गाडीत घालून नेतात. माझ्या पुतण्याने माझ्या सासूबाईंच्या टोपात मनीप्लांट लावलाय. मनीप्लांट!!

डोंबिवली_लोकल:
आला चाकरमान्यांचा विषय. आम्ही नेलं नसतं तर तुम्ही भंगारवाल्याला घातलं असतं, तेही किलोच्या भावात. आणि आम्ही काही फक्त झाडं लावत नाही. मी दरवर्षी ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, धोंडस करतो, काचेच्या ट्रेमध्ये, आणि बिल्डिंगमधले लोक वाट बघतात.

काकू_देवरुख:
धोंडस? काचेत?

डोंबिवली_लोकल:
हो, काचेत. १८० अंशांवर. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू.

काकू_देवरुख:
तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून आधी शिजवायचं, मग तूप लावलेल्या जाड पातेल्यात ओतून वर-खाली निखारे. खालची खरपूस बाजू आणि वरचा तांबूस थर, याला धोंडस म्हणतात. तुमचं ते काकडीचं पुडिंग झालं.

माहेरवाशीण_गुहागर:
काकू, वर-खाली निखारे म्हणजेच दोन्ही रॉड, इथे डोंबिवलीकरांचं बरोबर आहे. (लिहिताना जड जातंय.) पण काचेचं मला पटत नाही. काच उशिरा तापते आणि तापली की सोडत नाही, त्यामुळे मधलं घट्ट होईपर्यंत कडा करपतात. काचेत करायचंच तर दहा-पंधरा अंश कमी ठेवा. नाहीतर ॲल्युमिनियमचा साधा केकचा डबा घ्या, तूप लावा, खालच्या कप्प्यात ठेवा. काळ्या रंगाचा डबा असेल तर बूड लवकर धरतं, तिकडे लक्ष.

वेंगुर्ला_फास्ट:
काचेचा ट्रे मी पण आणला होता. ओव्हनमधून काढला आणि ओल्या कडप्प्यावर टेकवला. एक आवाज, आणि धोंडस काचांसकट ओट्यावर. भाचे मंडळी तरी कडेकडेचं खायला निघाली होती, ओरडून थांबवावं लागलं.

डोंबिवली_लोकल:
गरम काच ओल्या दगडावर ठेवायची नसते हे अभियंता नसलेल्यालाही कळतं. ट्रेचा दोष नाही.

वेंगुर्ला_फास्ट:
कुंडलं तडकलं की मातीचा दोष, काच तडकली की माझा. चालू दे.

काकू_देवरुख:
आणि लाइट गेली की? तौक्ते आलं २०२१ च्या मे महिन्यात, तेव्हा आमच्याकडे ओव्हन नुसता शोभेला होता.

डोंबिवली_लोकल:
वादळात धोंडस कोण करतं काकू?

अभियंता_खेड:
माझ्या पोस्टचं काकडीचं पुडिंग झालेलं दिसतंय. ज्यांच्याकडे फक्त साधा मायक्रोवेव्ह आहे त्यांच्यासाठी: त्यात धोंडस शिजेल पण खरपूस होणार नाही. पाणी तापवून शिजवण्याचं काम तो करतो, वरून भाजण्याचं नाही. त्यापेक्षा गॅसवर तव्यावर जाड पातेलं ठेवा, झाकणावर निखारे. हो, मी हे लिहितोय. काकूंनी आनंद साजरा करावा.

काकू_देवरुख:
निखारे कुठून आणणार? चूल तर मोडीत घातलीत.

माहेरवाशीण_गुहागर:
मूळ प्रश्नावर कोणी येणार आहे का? तव्याचं काय ठरलं?

अभियंता_खेड:
तवा ठेवतो, घावनापुरता. पण पोळ्या त्यावर नाही, आणि उचलणार मी, झिलाचा हुकूम आहे. गंजाचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

माहेरवाशीण_गुहागर:
साबण लावून भिजत टाकू नका. धुतला की लगेच आचेवर कोरडा करा आणि नारळाच्या सोडणाने तेलाचा हात फिरवून ठेवा. रोज वापरलात तर गंज धरायला वेळच मिळत नाही. पोळ्या करू नका हे बाकी योग्य बोललात, कोरड्या पिठाने तव्याची पाठ बिघडते आणि दुसऱ्या दिवशी घावन चिकटतं.

अभियंता_खेड:
पहिल्यांदाच ‘योग्य’. स्क्रीनशॉट घेतलाय. मोदकपात्र मात्र मोडीतच, काकूंनी स्वतः सांगितलंय की तांब्याची गरज नाही.

काकू_देवरुख:
झाकण ठेव हो, बाकी काय ते घाल मोडीत!

डोंबिवली_लोकल:
पात्र मोडीत घालण्याआधी मला कळवा. आणि धोंडसाला तवसं कितपत जून घ्यायचं, कोणी नीट सांगेल का? मी बाजारातली कोवळी काकडी वापरतो.

काकू_देवरुख:
तरीच पुडिंग होतं. जून, पिवळं झालेलं तवसं घे, बिया काढ आणि किसाचं पाणी टाकू नकोस, रवा त्यातच शिजव.

मालवणी_झिल:
तवसा हाडूचा खयसून? औंदा माकडांनी वेलार एक ठेवल्यानी नाय. माकडांवर येगळो धागो काढा, थंय मी येतंय, आणि लांबलचक लिवतंय.