एकट्याने ब्रेकमधली हवा काढताना बुडबुडे थांबतच नाहीत

पानापक्कड:
गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे रबरी ब्रेक होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) बदलले आहेत. मदतीला कोणी नाही, म्हणून निपलला (हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. मग निपल एक फेरा सैल करून पेडल मारलं. अर्धा लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल संपलं तरी बारीक बुडबुडे चालूच आहेत. पेडल पहिल्या दाबाला तळाशी जातं, दुसऱ्या-तिसऱ्याला वर येतं. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. ब्रेक ऑइलची टाकी एकदाही रिकामी होऊ दिलेली नाही.

चाकोरी:
एक फेरा फारच झाला. निपल इतका सैल असला की पेडल वर येताना बाहेरची हवा आट्यांमधून नळीत ओढली जाते. तुम्हाला दिसतात ते बुडबुडे बहुधा तेच, आतले नाहीत. पाव फेरा पुरतो. आट्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडं जाड ग्रीस लावा. टेफ्लॉन टेप लावायचीच असेल तर फक्त आट्यांवर. टोकाच्या शंकूवर गेली तर निपल नीट बसणार नाही.

नळी निपलपासून आधी वीसेक सेंटीमीटर सरळ वर न्या, मग खाली बाटलीत सोडा. बुडबुडे वर निघून जातात आणि निपलपाशी कायम ऑइलच राहतं. पेडल सावकाश दाबा, त्याहून सावकाश सोडा. पाच-सहा वेळा झालं की टाकी पाहा, मिनच्या रेघेखाली जाऊ देऊ नका. नळीतलं ऑइल स्थिर झालं की निपल बंद. बाटलीत जमलेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही.

साधा_फिटर:
वरचं सगळं बरोबर, पण पेडल तळापर्यंत मारणं आधी थांबवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) पिस्टन रोज जिथवर जातो, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. सील तिथून फिरलं की कापलं जातं, आणि मग हवा काढूनही पेडल हळूहळू बसत राहतं. पेडलखाली चार-पाच सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा.

दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं म्हणजे हवाच, असंही नाही. मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) आणि ड्रममधलं अंतर वाढलं असलं तरी हेच होतं, पहिला दाब शू टेकवण्यातच खर्च होतो. हँडब्रेक पूर्ण सोडून हे अंतर कमी करणारा अ‍ॅडजस्टर फिरवा. चाक हाताने फिरवताना अगदी हलकं घासल्याचा आवाज आला की पुरे.

मंदगती:
फक्त पुढचे होज बदललेत तर पेडल मारायचीही गरज नाही. टाकीचं झाकण सैल करा, निपल उघडा आणि ऑइल स्वतःच्या वजनाने थेंब-थेंब पडू द्या. एका चाकाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण यात आट्यांमधून हवा ओढली जात नाही. अधूनमधून कॅलिपरवर (डिस्कला पकडणारा भाग, निपल यावरच असतो) प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करा, आत चिकटलेले बुडबुडे सुटतात. कॅलिपर काढले असतील तर निपल वरच्या बाजूलाच आहे ना, ते पाहा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वरची हवा कितीही ऑइल घातलं तरी निघत नाही.

टाकी रिकामी झाली नाही, म्हणजे एबीएस युनिटमध्ये हवा शिरण्याची शक्यता कमी. तिथे शिरली असती तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून युनिटचा पंप चालवावा लागतो.

पानापक्कड:
निपल उजव्या चाकाचाही एक फेराच सैल होता. कॅलिपर जागचे हलवले नाहीत, निपल वरच आहेत. ड्रम आधी बघतो. निपल किती घट्ट करायचा?

साधा_फिटर:
मॅन्युअलमधला आकडा पाळा, बहुतेक छोट्या निपलना ७ ते १० न्यूटन-मीटर असतो. म्हणजे छोट्या रिंग पान्याने नुसत्या मनगटाचा जोर. निपल आतून पोकळ असतो, पाइप लावून आवळला की मान तुटते आणि अर्धा आत राहतो.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग घट्ट दाबून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाईल, तो बूस्टरचा (पेडलला जोर देणाऱ्या भागाचा) परिणाम, काळजी नको. पुढे ३० सेकंद तसंच दाबून धरा. हळूहळू खाली सरकत राहिलं तर निपल आणि होजचे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहा. सगळे कोरडे असतील तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या सीलचा. रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.