एमएला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास आहे, कुठून सुरू करू?

साताऱ्याचा_निखिल:
नमस्कार मंडळी. फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आणि आता पुण्यात एमएला तत्त्वज्ञान घेतलंय. पहिल्याच सेमिस्टरला ग्रीक ते कांट असा पेपर आहे आणि वर्गातले बरेच जण बीएपासून हाच विषय करून आलेत. सिनियर म्हणतात नोट्स वाच, त्यातून सगळं निघतं. वाचल्या, देकार्तचे (सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ) मुद्दे पाठ पण झाले, पण त्या माणसाला हे असले प्रश्न पडलेच का ते काही केल्या कळत नाही आणि मला तेच कळून घ्यायचंय, त्यासाठीच तर लाइन बदलली. बर्ट्रांड रसेलचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास आणलाय, तो पहिल्या पानापासून वाचू का? मराठीत काही आहे का? मूळ पुस्तकं झेपतील का? इंग्रजी समजतं पण स्पीड नाही.

मृण्मयी_के:
निखिल, मूळ पुस्तकच हातात घे आणि आत्ताच घे. इतिहासाच्या पुस्तकात तुला निष्कर्ष मिळतो, तो माणूस तिथवर कसा पोचला ते मिळत नाही, आणि तुझी अडचण नेमकी तीच आहे. तू विज्ञानाचा म्हणून सांगते, ग्रीकांच्या आधी देकार्तचं मेडिटेशन्स वाच. १६४१ चं पुस्तक, सहाच प्रकरणं, मजकूर छोटा. सुरुवातीलाच तो म्हणतो की विज्ञानात काही पक्कं आणि टिकाऊ उभं करायचं असेल तर आयुष्यात एकदा सगळं पाडून पायापासून सुरू करायला हवं. मग इंद्रियं कधीकधी फसवतात, बरं, आत्ता मी जागा आहे की स्वप्नात आहे, बरं, गणितातसुद्धा कोणी शक्तिमान मला फसवत असेल तर, अशी शंका एकेक पायरी वाढत जाते. प्रत्येक पायरीला थांब आणि स्वतःच्या शब्दांत लिही की इथे तो काय गृहीत धरतोय आणि त्यातून काय काढतोय. दिवसाला दोन पानं झाली तरी चालतील.

आणि एक सांगायलाच हवं, त्या पुस्तकासोबतच इतरांचे आक्षेप आणि देकार्तची उत्तरं छापलेली आहेत, आक्षेप घेणारे कोण तर हॉब्ज, आर्नो, गासेंदी. आर्नो विचारतो, स्पष्टपणे जाणवतं ते खरं हे तुम्ही ईश्वराच्या भरवशावर म्हणता आणि ईश्वर आहे हे मात्र स्पष्टपणे जाणवतं म्हणून म्हणता, हे गोल गोल नाही का? नंतर १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ पत्र लिहून विचारते की मन जागाच व्यापत नाही तर ते शरीराला हलवतं कसं. ती पत्रं जरूर वाच, त्यात देकार्तला धड उत्तर देता येत नाही असं माझं मत आहे. नोट्समधली 'द्वैतवादाच्या (मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं या मताच्या) मर्यादा' ही ओळ तिथे जिवंत होते.

जुना_वाचक:
मृण्मयीताईंशी सहमत. मराठीचं विचारलंत म्हणून लिहितो. ग. ना. जोशींचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत आहे, पुणे विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीत विचारून बघा. मे. पुं. रेग्यांचा पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास तर घ्याच, रेगे युक्तिवाद सुटा करून दाखवतात आणि वाक्य कुठेही ढिलं सोडत नाहीत, असं गद्य शिकून घेण्यासारखं आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन फुकट आहेत.
रसेल वाचा पण एकट्या रसेलवर राहू नका. १९४५ चं पुस्तक, लिखाण फार सुंदर, पण नावडत्या माणसाला तो न्याय देत नाही, नीत्शेचं प्रकरण बघा. शेजारी कोपलस्टनच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे खंड ठेवा. तो जेझुइट पाद्री, १९४८ ला बीबीसीवर त्याचा आणि रसेलचा ईश्वर आहे की नाही यावर वाद झाला होता. इतिहास लिहिताना मात्र तो आधी समोरच्याचं नीट मांडतो.

ओंकार_नाशिक:
एक वेगळा मुद्दा. आपल्याकडे देकार्त, स्पिनोझा, लायबनिझ बुद्धिवादी (ज्ञान मुळात बुद्धीतून येतं म्हणणारे) आणि लॉक, बर्कली, ह्यूम अनुभववादी (ते अनुभवातून येतं म्हणणारे) असे दोन कप्पे करून शिकवतात. परीक्षेत तसं लिही, पण वाचताना कप्पे डोक्यात नको. बर्कलीवर मालब्रांशचा, म्हणजे देकार्तच्या वाटेने गेलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञाचा, केवढा प्रभाव आहे, लॉक तर ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करता येतं असं म्हणतो. तसंच ॲरिस्टॉटल गेला इसपू ३२२ ला, तिथून सिलॅबस थेट देकार्तवर उडी मारत असेल तर मधली दोन हजार वर्षं काय रिकामी होती? मध्ययुगातले ख्रिस्ती विचारवंत ॲन्सेल्म आणि अक्वायनस तरी बघ. आणि इस्लामी जगातले इब्न सीना, इब्न रुश्द, कारण ॲरिस्टॉटलचं बरंचसं लिखाण पश्चिम युरोपात पुन्हा पोचलं ते अरबीतल्या अनुवादांमधून आणि भाष्यांमधून पण. यासाठी पीटर ॲडमसनचं पॉडकास्ट आहे, हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स, बसमध्ये ऐकता येतं.
स्पीडसाठी: जोनाथन बेनेट नावाच्या प्राध्यापकाने सतराव्या अठराव्या शतकातले हे सगळे ग्रंथ सोप्या इंग्रजीत करून अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स साइटवर फुकट ठेवलेत. समजून घ्यायला एक नंबर. पेपरात उद्धृत करायला मात्र नेहमीचा अनुवाद वापर.

साताऱ्याचा_निखिल:
खूप आभार सगळ्यांचे, मेडिटेशन्स आजच उघडतो. कांटचं काय करू? त्याचं मुख्य पुस्तक क्रिटिक ऑफ प्युअर रीझन चाळलं, एक पॅराग्राफ पण पुढे सरकेना.

मृण्मयी_के:
क्रिटिक आत्ता बंद ठेव. आधी ह्यूमच्या १७४८ च्या एन्क्वायरीतलं चौथं प्रकरण वाच. बिलियर्डचा एक बॉल दुसऱ्यावर आपटला की दुसरा हलणार हे तुला कशावरून माहीत? अनुभवावरून. मग पुढेही तसंच होईल हे कशावरून? तू लॅबमध्ये ज्यावर विसंबून रीडिंग घेत होतास त्याच्याच मुळाशी तो जातो. हा प्रश्न तुला खरोखर टोचला की कांटचं प्रोलेगोमेना घे, १७८३ चं, क्रिटिकपेक्षा कितीतरी लहान. त्याच्या प्रस्तावनेत तो स्वतः म्हणतो की ह्यूमनेच त्याला न तपासता मानून चालण्याच्या झोपेतून जागं केलं. ह्यूम न वाचता कांट वाचला तर तो कोणाला उत्तर देतोय तेच कळत नाही, म्हणून तो अवघड वाटतो.

साताऱ्याचा_निखिल:
ओके हे पटलं. शेवटचं एक, लेखांमध्ये '५१४ए' किंवा 'बी १३२' असं काय लिहितात? माझ्या पुस्तकात तेवढी पानंच नाहीत.

जुना_वाचक:
ती तुमच्या पुस्तकाची पानं नव्हेत. प्लेटोचे आकडे स्तेफानुस या प्रकाशकाच्या १५७८ च्या आवृत्तीतले, ५१४ए म्हणजे रिपब्लिकमध्ये गुहेचा दृष्टांत सुरू होतो ती जागा. ॲरिस्टॉटलचे बेकरच्या बर्लिन आवृत्तीतले. कांटच्या क्रिटिकमध्ये ए म्हणजे १७८१ ची पहिली आवृत्ती, बी म्हणजे १७८७ ची दुसरी. चांगल्या अनुवादात हे आकडे समासात छापलेले असतात, विकत घेताना तेवढं बघून घ्या, नसतील तर ती प्रत घेऊ नका.